चोराला शिक्षा झाली, ठेवीदाराचे काय?

२०२४ साली अहमदनगरच्या न्यायालयाने संपदा नागरी सहकारी पतसंस्थेच्या अपहार प्रकरणी अध्यक्षासह काही पदाधिकाऱ्यांना जन्मठेपेची शिक्षा ठोठावली. अपहाराची रक्कम तेरा कोटींच्या वर होती. पतसंस्थेच्या चालकांना जन्मठेप व्हावी ही गोष्ट महाराष्ट्रात दुर्मिळ, आणि म्हणून त्या दिवशी ठेवीदारांना समाधान वाटले असेल तर त्यात नवल नाही. परंतु निकालाची बातमी वाचून झाल्यावर ज्याची ठेव त्या संस्थेत होती त्याने घरी येऊन पासबुक उघडले असेल, तर त्यातला आकडा जसा होता तसाच होता. दशकाहून अधिक काळ न्यायाची वाट पाहिली. न्याय मिळाला तो तुरुंगाच्या रूपाने. पैसा कोठे गेला, कोणाच्या जमिनीत, कोणाच्या बंगल्यात, कोणाच्या निवडणुकीत जिरला, आणि तो परत कोण आणणार, हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही. तो सोडविणे हे फौजदारी न्यायालयाचे मुख्य काम आहे असे आपल्या कायद्याने कधी मानलेच नाही.

भ्रष्टाचाराविरुद्धची आपली सारी भाषा शिक्षेची भाषा आहे. आपणही, म्हणजे डाव्या आणि समाजवादी चळवळीतले कार्यकर्तेही, याला अपवाद नाही. ‘दोषींवर कठोर कारवाई करा’ ही ओळ आपल्या प्रत्येक निवेदनात असते. ‘ज्याचे गेले त्याचे त्याला परत द्या’ ही ओळ असलीच तर शेवटी, जागा उरल्यास. हा क्रम उलटा करण्याची वेळ आली आहे, आणि तो उलटा करायचा तर नगर जिल्ह्यासारखे ठिकाण नाही.

याचे कारण इतिहासात आहे. १८७५ साली दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, त्याची सुरुवात पुणे जिल्ह्यातील सुप्याला झाली असली तरी वणवा पसरला तो नगरच्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत. लोकांनी माणसे मारली नाहीत. कर्जरोखे हिसकावून जाळले. कागद हीच आपली बेडी आहे हे त्या निरक्षर कुणब्यांना कळले होते. सरकारने १८७९ चा कायदा केला, १९०४ साली सहकाराचा पहिला कायदा झाला, आणि १९१० साली नगर शहरात अर्बन बँक उभी राहिली. पुढे चाळीस वर्षांनी प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी चार आणे, आठ आणे जमवून माणसांनी ज्या संस्था बांधल्या, त्यांचा जिल्हा म्हणजे हा जिल्हा. रावसाहेब व अच्युतराव पटवर्धन ही भावंडे समाजवादी चळवळीला देणारे हे गाव. आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. नाव बदलले, ठेवीदारांच्या रांगा बदलल्या नाहीत.

त्या अर्बन बँकेची कहाणी जिल्ह्यातील लहान मुलालाही पाठ आहे, तरी तारखांसह एकदा नोंदवून ठेवली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ दूर करून प्रशासक नेमला. २०२१ च्या अखेरीस निवडणूक होऊन नवे मंडळ आले, आणि लगोलग, ६ डिसेंबर २०२१ रोजी, रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले. ठेवीदाराला आपल्याच खात्यातून दहा हजार रुपयांपेक्षा अधिक काढता येईना. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी परवाना रद्द झाला आणि एकशेतेरा वर्षांची संस्था अवसायनात गेली. न्यायवैद्यक लेखापरीक्षणातून पुढे आलेला गैरव्यवहाराचा आकडा २९१ कोटींचा. खोट्या मूल्यांकनावर दिलेली कर्जे, एका कर्जातून दुसरे कर्ज फेडल्याचा देखावा, सोने म्हणून तारण ठेवलेली पितळ! गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे न्यायालय ठरवील. तो या लेखाचा विषय नाही. बँकेतून पैसा गेला याविषयी मात्र कोणाचेच दुमत नाही.

तेव्हा रिझर्व्ह बँकेने जनतेला धीर दिला. नव्वद टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम ठेव विमा महामंडळाकडून मिळण्यास पात्रता आहे, असे तिने जाहीर केले. हे विधान खरे आहे. पण ते माणसांची टक्केवारी सांगते, पैशांची नव्हे. सेव्हिंग खात्यात चारशे रुपये असलेला विद्यार्थी त्यात एक, आणि निवृत्तीचे अठरा लाख ठेवलेला एस.टी.चा वाहकही एकच. विद्यार्थ्याचे चारशे परत आले. वाहकाला पाच लाख मिळाले, तेरा लाख राहिले. ज्यांचे मोठे नुकसान झाले ते संख्येने थोडे असतात, म्हणून ते टक्केवारीत दिसत नाहीत. तेरा लाख ही त्या वाहकाची गुंतवणूक नव्हती. ते त्याच्या उरलेल्या वीस वर्षांचे धान्य होते, बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती, धाकटीचे लग्न होते.

हा विमाही आला कोठून, हे तरुण कार्यकर्त्यांना ठाऊक नसेल. १९६० साली केरळातील पलई सेंट्रल बँक आणि आपल्याच अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या हाहाकारातून १९६१ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदाराला दीड हजार रुपयांचे संरक्षण मिळाले. सहकारी बँकांना त्यात घेण्यास १९६८ साल उजाडावे लागले. १९९३ साली मर्यादा एक लाख झाली आणि नंतर सत्तावीस वर्षे, महागाई कितीही वाढली तरी, ती जागची हलली नाही. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या ठेवीदारांनी मुंबईच्या रस्त्यांवर आक्रोश केला तेव्हा कोठे २०२० मध्ये पाच लाखांचा आकडा आला, आणि निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत पैसे देण्याची तरतूद २०२१ मध्ये. प्रत्येक सुधारणेच्या मागे कोणाचा तरी संसार बुडालेला आहे. राज्यकर्त्यांनी आपण होऊन दिलेले यात काहीच नाही.

पतसंस्थांना हे संरक्षण आजही नाही. एक पैशाचेही नाही. जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. भाजीवालीकडून रोज वीस रुपये गोळा करणारा पिग्मी एजंट हाच गरिबाचा बँकर आहे. त्या भाजीवालीला कोणी सांगत नाही की तिच्या वीस रुपयांमागे सरकारची कोणतीही हमी उभी नाही. दाराच्या पाटीवर ‘सहकारी’ लिहिलेले असते, भिंतीवर निबंधकाचे नोंदणीपत्र टांगलेले असते, उद्घाटनाच्या कोनशिलेवर मंत्र्याचे नाव असते. तिने यालाच हमी मानली, तर चूक कोणाची?

याहून विचित्र प्रकार पुढे आहे. पतसंस्था आपल्याकडील जादा पैसा नागरी किंवा जिल्हा बँकेत ठेवतात; ठेवावाच लागतो. अशी एखादी पतसंस्था बुडित बँकेत चार कोटी ठेवून असेल, तर विमा महामंडळाच्या दृष्टीने ती एकच ठेवीदार आहे. तिला पाच लाख मिळतात. तिच्या मागे उभे असलेले पाच हजार सभासद महामंडळाला दिसत नाहीत. बँक बुडाली की तिच्यासोबत न बुडायला हवी होती ती पतसंस्थाही गटांगळ्या खाऊ लागते, आणि ज्यांनी त्या बँकेचे तोंडही पाहिले नाही अशा खेड्यातल्या माणसांची रक्कम जाते. आकडेवारीत हे नुकसान कोठेच नोंदले जात नाही.

आता वसुलीकडे पाहा. अवसायक थकबाकीदारांच्या मिळकती विकून पैसा जमवतो, तेव्हा विमा महामंडळाने आधी दिलेली रक्कम आधी फेडली जाते. पाच लाखांपुढच्या ठेवीदाराची पाळी त्यानंतर. महामंडळ हा सर्व बँकांच्या हप्त्यांतून चालणारा निधी आहे, त्याची परतफेड होऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याचे तेरा लाख अडकले त्याला रांगेत उभे करून त्याच्या पुढे एका सरकारी महामंडळाला उभे करायचे, यात कोणता न्याय? महामंडळ दहा वर्षे थांबू शकते. सत्तरीतला माणूस थांबू शकत नाही. रांगेचा हा क्रम संसदेने बदलावा, ही मागणी आपल्या खासदारांनी अजून एकदाही जोरकसपणे मांडलेली नाही.

पहारेकरी कोठे होते, असे विचारले की एक सुरस खेळ सुरू होतो. राज्याच्या सहकार आयुक्तांकडे जा, ते म्हणतात बँक बहुराज्यीय आहे, दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे जा. केंद्रीय निबंधक म्हणतात बँकिंगचा विषय रिझर्व्ह बँकेचा. रिझर्व्ह बँक म्हणते, आम्ही परवाना रद्द केला, गुन्ह्याचा तपास पोलिसांचा. पोलीस म्हणतात, लेखापरीक्षण अहवाल येऊ द्या. आणि लेखापरीक्षक? ९७व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ पासून आपल्याकडील सहकारी संस्थांनी नामतालिकेतून आपला लेखापरीक्षक आपणच निवडायचा असे ठरले. परीक्षार्थ्याने परीक्षक नेमायचा! त्याआधी खात्याचे लेखापरीक्षक होते तेव्हा सारे आलबेल होते असा आमचा दावा नाही. ‘अ’ वर्ग मिळालेल्या संस्था तेव्हाही बुडत होत्या.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात ८३ आणि ८८ ही कलमे १९६० पासून आहेत. ८३खाली चौकशी करायची, ८८खाली प्रत्येक संचालकावर नुकसानीची रक्कम निश्चित करायची, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची. कायद्यात धार आहे. शेतसाऱ्यासाठी ज्या सरकारने शेतकऱ्याच्या दारातली म्हैस सोडून नेली, त्याच सरकारला ८८खालच्या जबाबदारीसाठी संचालकाच्या दारातली मोटार नेता येत नाही, हे कायद्याचे अपयश नव्हे. तो संचालक कोणाचा तालुक्याचा कार्यकर्ता आहे, कोणाच्या मतांची गाठोडी बांधतो, यावर ती मोटार जागेवर राहते. चौकशी पूर्ण होते, अपील होते, मंत्र्यांकडे स्थगिती मिळते, आणि दरम्यान मिळकत मेव्हण्याच्या नावावर जाते.

१९९९ साली राज्याने ठेवीदारांच्या हितरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याने सरकारला मिळकती गोठवण्याचा, उपजिल्हाधिकाऱ्याहून कमी नाही अशा सक्षम अधिकाऱ्याच्या ताब्यात देण्याचा आणि विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांत वाटण्याचा अधिकार दिला. कायदा चांगला होता. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला; पुढे सर्वोच्च न्यायालयाने अशा राज्य कायद्यांना मान्यता दिली, तोवर सहा-सात वर्षे गेली. आज तो पूर्णपणे जिवंत आहे, पण त्याच्या व्याख्येत बँकिंग कंपनी वगळलेली असल्याने बँकेच्या प्रकरणात वकिलांना वाद घालायला मोकळे रान मिळते. आणि जप्ती झाली तरी लिलाव होत नाही. जप्त मिळकतीवर गवत वाढते, कुंपणाच्या आत शेजाऱ्याची गुरे चरतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत १०७वे कलम आले आहे. गुन्ह्यातून मिळालेली मिळकत न्यायालयाच्या आदेशाने जप्त करून जिल्हा दंडाधिकाऱ्याने साठ दिवसांच्या आत पीडितांना प्रमाणशीर वाटावी, असे ते म्हणते. केंद्रातील सरकारचे आम्ही कडवे विरोधक आहोत, पोलिसांच्या हाती या संहितेने दिलेल्या अनेक अधिकारांवर आमचा आक्षेप आहे. तरीही हे कलम ज्या दिशेने पाहते ती दिशा योग्य आहे, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. मात्र १ जुलैपूर्वी सुरू झालेले तपास जुन्याच संहितेने चालवायचे असल्याने, ज्यांच्या ठेवी आधीच गेल्या त्यांच्या पदरात या कलमातून आपोआप काही पडत नाही.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लाचखोराची मिळकत जप्त झाली तर ती सरकारजमा होते. ज्याच्याकडून ती उकळली त्याच्याकडे जात नाही. अंमलबजावणी संचालनालयाने मिळकती परत केल्याचे मोठे आकडे सांगितले जातात. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत २२,२८० कोटींचा आकडा दिला; त्यातले चौदा हजार कोटींहून अधिक एकट्या विजय मल्ल्या प्रकरणातले, आणि ते गेले सरकारी बँकांकडे. त्या बँकांत जनतेचाच पैसा आहे, हे मान्य. पण मोठ्या बँकेचा पैसा परत आणण्यासाठी राज्ययंत्रणा जितकी धावते तितकी ती नगरच्या, पेणच्या, पुण्याच्या ठेवीदारासाठी धावलेली कोणी पाहिली आहे काय?

ठेवीदाराकडे निदान पावती असते. ज्याच्याकडे पावतीही नाही त्याचे काय? १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळून निघाला तेव्हा खडी फोडणाऱ्या बायांच्या श्रमातून रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या योजनेने लाखो माणसे जगवली, आणि त्याच योजनेच्या हजेरीपटांवर मेलेल्या माणसांचे अंगठेही उमटले. बोगस हजेरीपट सापडला की कारकून निलंबित होतो, फार तर ठेकेदाराकडून काही रक्कम वसूल होऊन तिजोरीत जमा होते. ज्या बाईचे काम त्या हजेरीपटाने खाल्ले, ‘निधी संपला’ म्हणून जिला परत पाठवले आणि जी ऊस तोडायला मुलांसह कारखान्याच्या फडावर गेली, तिला कोणी नुकसानीची व्यक्ती मानत नाही. २००५ च्या केंद्रीय रोजगार कायद्यात मजुरी उशिरा दिल्यास दररोज ०.०५ टक्का भरपाईची तरतूद होती. दोनशे रुपयांची मजुरी शंभर दिवस अडवली तर भरपाई दहा रुपये. मजुरी मुळातच चोरली गेली तर तेवढीही नाही. दुष्काळातल्या चारा छावण्यांचेही हेच: कागदावर जनावरे वाढतात, आणि दावणीला बांधलेले खरे जनावर उपाशी राहते.

हे जगात कोठे वेगळे घडले आहे काय? फिलिपिन्समध्ये हुकूमशहा मार्कोसने स्विस बँकांत दडवलेला पैसा, सुमारे अडुसष्ट कोटी डॉलर, दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर त्या देशाला परत मिळाला. तो प्रामुख्याने जमीन सुधारणेसाठी राखून ठेवला गेला, आणि २०१३ च्या कायद्याने त्यातले दहा अब्ज पेसो हुकूमशाहीत छळ सोसलेल्यांना देण्याचे ठरले. अकरा हजारांहून अधिक माणसांचे दावे मंजूर झाले. या वाटपातही गैरप्रकाराचे आरोप झाले, सारे काही निर्मळ नव्हते. पण चोरीचा पैसा चोरी झालेल्या माणसाचा आहे, हे एका गरीब देशाने कायद्यात लिहून ठेवले. भारताने २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारास संमती दिली. त्याच्या ३५व्या कलमात नुकसान झालेल्याला भरपाई मागण्याचा हक्क आहे. त्यासाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही.

पक्षातील काही साथींचा एक आक्षेप आहे, तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. ते म्हणतात, पाच लाखांवर ठेव असणारा हा मध्यमवर्गीय. त्याच्यासाठी पक्षाने का झिजावे? आणि सरकारने भरपाई द्यावी म्हटले तर ती भूमिहीनाच्या कराच्या पैशातून जाणार, म्हणजे चोराने खायचे आणि गरिबाने भरायचे. दुसऱ्या भागात तथ्य आहे. सरसकट भरपाईची मागणी आपण करता कामा नये. ती मागणी संचालकांनाच सोयीची आहे, कारण मग त्यांच्यामागचा ससेमिरा सुटतो. पण पहिला भाग मला मान्य नाही. निवृत्त शिक्षिका, गिरणी बंद पडल्यावर गावी परतलेला कामगार, धरणात जमीन जाऊन मोबदला मिळालेला शेतकरी यांनी आयुष्यात एकदाच मोठी रक्कम पाहिली आणि ती सहकारावर विश्वास ठेवून सहकारात ठेवली. खाजगी सावकारीत किंवा सट्ट्यात घातली नाही. सहकार हा आपला शब्द होता. त्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचे आणि मग सहकाराचे गोडवे गायचे, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. व्यक्तिगत ठेवीदाराला, एका ठरावीक मर्यादेपर्यंत, सरकारने आधी रक्कम द्यावी आणि ठेवीदाराचा वसुलीचा हक्क आपल्याकडे घ्यावा. मग संचालक, बोगस कर्जदार, मूल्यांकनकार, लेखापरीक्षक यांच्याकडून ती वसूल करण्याची निकड सरकारलाच राहील. आज उशिराची किंमत ठेवीदार मोजतो. ती तिजोरीला मोजावी लागली, तर अर्थखाते सहकारखात्याला झोपू देणार नाही. पतसंस्थेच्या ठेवीला एक खाते न मानता तिच्या सभासदांच्या संख्येने विमा मोजावा. पतसंस्थांसाठी सक्तीचा ठेव विमा व्हावा आणि त्याचा हप्ता नफ्यातून जावा. ८८ खालच्या आदेशाला मंत्र्यांची स्थगिती मिळण्याची वाट बंद व्हावी.

हे लांबचे वाटेल, तर खंडकऱ्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. याच जिल्ह्यातील श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव या भागांतील शेतकऱ्यांच्या जमिनी खाजगी साखर कंपन्यांनी खंडाने घेतल्या, कमाल जमीनधारणेच्या कायद्यात त्या सरकारकडे गेल्या, १९६३ साली शेती महामंडळाकडे आल्या, आणि मूळ मालक आपल्याच शेताच्या बांधावर मजूर म्हणून उभा राहिला. कॉम्रेड माधवराव गायकवाडांसारख्यांनी आयुष्य घालवले तो लढा या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रत्यक्ष जमीनवाटपापर्यंत पोहोचला. अर्धे शतक लागले. जमीन हलत नाही, म्हणून ती शोधावी लागली नाही. पैसा मात्र महिन्याभरात दहा खाती बदलतो. म्हणून येथे अर्धे शतक आपल्याजवळ नाही.

तालुका समित्यांनी एक काम ताबडतोब हाती घ्यावे. आपल्या तालुक्यातील बुडालेल्या बँका व पतसंस्थांच्या ठेवीदारांची यादी करावी: नाव, ठेवीची रक्कम, विम्यातून मिळालेली रक्कम, वय. यादीच्या शेजारी दुसरी यादी असावी, जप्त झालेल्या मिळकतींची, गट क्रमांकासह, आणि त्या मिळकतीचा लिलाव कोणत्या तारखेपासून अडला आहे त्याची. सातबारा तलाठ्याकडे मिळतो, जप्तीचा आदेश माहितीच्या अधिकारात मागता येतो. ज्या अधिकारासाठी याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीतून आंदोलने झाली, तो वापरायला आपण का कचरावे? या दोन याद्या समोरासमोर ठेवून सक्षम अधिकाऱ्याच्या कचेरीत दर सोमवारी ठेवीदारांसह जावे, आणि दर वेळी एकाच गट क्रमांकाबद्दल विचारावे. पारनेर आणि शेवगावपासून सुरुवात करावी. पासबुकांच्या दोन-दोन प्रती काढून घ्याव्यात. एक कचेरीत द्यायला, एक आपल्याजवळ ठेवायला.